लाल कल्ल्यांचा माईक

एका गावात एक भोळा गडी होता, अशी गोष्ट सुरू करायची पद्धत आहे. जसं काही बाकीचं गाव शहाण्यांनी ओसंडून चाललेलं असतं. असो. खाडीकाठच्या एका गावात हसुराम नावाचा एक भोळा गडी होता. हातीपायी धड, कामाला चोख आणि सांगितलेलं ऐकणारा. सांगितलेलं ऐकतो म्हणून सगळं गाव त्याचं कौतुक करायचं. ज्यांनी त्याला कधी काही सांगून पाहिलं होतं, ते मात्र गप्प बसायचे.

हसुराम आणि त्याची धाकटी बहीण हर्षाली, दोघांना त्यांच्या नागू आत्याने वाढवलं. नागू आत्या म्हणजे गावची धवलारीण. नवरा-नवरी पाटावर बसले की लग्नाची गाणी म्हणायची, धवले म्हणतात त्यांना, ती गायची. भटजी मंत्र म्हणायचा, फोटोवाला माना वाकड्या करायला लावायचा, पण नागूचा धवला झाल्याशिवाय जोडपं पाटावरून उठत नसे. मंत्र कुणाला कळत नसत. धवला सगळ्यांना कळायचा. त्यामुळे लग्न नक्की कुणी लावलं, यावर गावात कधी वाद झाला नाही.

तर हर्षालीचं लग्न ठरलं आणि आत्याच्या गळ्यात गाठ निघाली.

डॉक्टर म्हणाला, "गाठ साधी आहे, काढून टाकू. पण नंतर महिनाभर तोंडातून शब्द काढायचा नाही. काढलात तर आवाज कायमचा गेला म्हणून समजा."

गाठ थांबायला तयार नव्हती आणि मुहूर्तही थांबायला तयार नव्हता. त्यात खाडीपलीकडून विहीणबाईंचा निरोप आला, 'धवला नसेल तर आमचा मुलगा पाटावर बसणार नाही.' मुलाला कुणी विचारलं नाही. मुलाचं नाव नितेश. त्याला आत्यानेच निवडलं होतं. नवरा निवडायची तिची कसोटी एकच, त्याला स्वतःचा आवाज नसावा. नितेश बघायला आला, चहा प्यायला, बशी खाली ठेवली आणि मान हलवली. आत्या म्हणाली, "हाच."

मग दुसरी धवलारीण बोलवायची होती, असं कुणी म्हणेल. गावात दुसरी नव्हती. शेजारची येसूबाय होती, तिला सगळे धवले येत होते असं लोक म्हणायचे. आत्या म्हणायची, "तिला येतात, कारण ती भिंतीला कान लावून बसते. त्याला गाणं म्हणत नाहीत, चोरी म्हणतात." विषय संपला.

हर्षाली पुण्याला नोकरीला. तिने फोनवरून तोड काढली. "आत्या, ऑपरेशनच्या आधी धवले रेकॉर्ड करून ठेवू. मांडवात स्पीकरवर लावू. आवाज तुझाच, म्हणजे धवला तुझाच."

"कुठं करायचं ते रेकॉर्ड?"

"स्टुडिओत."

"काचेच्या खोलीत? मी काय टाकीतला मासा आहे?"

"बरं, मग घरीच करू. पण चांगला माईक लागेल. आणि प्रीअँप."

हर्षालीला रजा नव्हती. शहाण्या माणसांना कधीच रजा नसते. म्हणून तर जगातली महत्त्वाची कामं मोकळ्या माणसांकडे जातात. हसुराम मोकळा होता.

"आत्या," त्याने विचारलं, "माईक चांगला का वाईट, हे ओळखायचं कसं?"

"बाजारात पापलेट कसं ओळखतोस?"

"कल्ला उघडून बघतो. आत लाल असेल तर ताजं. मग दाबून बघतो. मग वास घेतो."

"तस्संच बघून घे. दुकानदार पुढं करील ते पिशवीत टाकू नको."

"बरं आत्या," हसुराम म्हणाला. ऐकणारा पोरगा. तीच तर अडचण होती.

तालुक्याच्या गावी वाद्यांचं मोठं दुकान होतं. दुकानदाराने काचेवर माईक मांडले. हसुरामने पहिला उचलला, बोटाने दाबला. टणक होता. नाकाशी नेला. वास नव्हता. इथपर्यंत ठीक. मग त्याने वरची जाळी पिरगाळून काढली आणि आत डोकावला.

"अहो, हे काय करताय?" दुकानदार म्हणाला.

"कल्ले बघतोय. हा काळा पडलाय आतून. कधीचा आहे?"

"मागच्याच आठवड्यात आलाय."

"तरीच," हसुराम म्हणाला आणि माईक बाजूला ठेवला.

दुसराही आतून काळा निघाला. तिसरा राखाडी. दुकानदाराने कपाळाला हात लावला. दुकानदार लोक गिऱ्हाइकाला मूर्ख म्हणत नाहीत, त्याला माल देतात. त्याने खालच्या कप्प्यातून एक गुलाबी माईक काढला. वाढदिवसाला पोरं नाचतात तेव्हा हातात धरतात, तसला. खटका दाबला तशी जाळीच्या आत लालभडक दिवे लागले.

हसुरामचे डोळे चमकले. "हा आत्ताचा दिसतोय."

"अगदी सकाळचा," दुकानदार म्हणाला.

घरी आत्याने पाट मांडला, समई लावली, पदर सावरला आणि गुलाबी माईकमध्ये धवला सुरू केला.

"हलद कुटा गो बायांनो..."

"...बायांनो, बायांनो, बायांनो," माईक म्हणाला आणि दिवे नाचवायला लागला.

आत्याने माईककडे बघितलं. मग हसुरामकडे बघितलं. "मी एकदाच बोलावलं बायांना. हा तीन-तीनदा कुणाला बोलावतो?"

"ताजा आहे आत्या. उड्या मारतोय."

"जळलं मेलं तुझं लक्षण. अरे, आपल्याला कळत नसेल तिथं जाणत्याला विचारावं. आणि तो विचारील त्याचं खरं-खरं उत्तर द्यावं."

"बरं आत्या," हसुराम म्हणाला.

जाणते होते घरत मास्तर. आयुष्यभर पेटी शिकवली, आता घरच्या घरी भजनी मंडळांची रेकॉर्डिंगं करायचे. त्यांना आपलं ज्ञान सांगायला फार आवडायचं आणि ऐकायला कुणी मिळत नसे. हसुरामला बघून त्यांना गहिवरून आलं.

"हे बघ बाळा," ते म्हणाले, "माईक म्हणजे कान. काही माईक नाजूक कानाचे असतात, सुई पडली तरी ऐकतात. गाण्यातला श्वाससुद्धा उतरवतात. पण घर शांत लागतं. काही माईक जाड कानाचे. तोंडाशी येऊन बोललं तेवढंच त्यांना कळतं, लांबची गडबड नाही कळत. तर मला सांग, तुमचं घर शांत आहे का?"

हसुरामने खरं-खरं उत्तर द्यायचं म्हणून पुष्कळ विचार केला. घरात आत्या बोलायची. कोंबड्या ओरडायच्या. येसूबाय भिंतीपलीकडून भांडायची. पंखा कुरकुरायचा. खाडीतल्या होड्यांची इंजिनं फटफटायची. पण घर? घराने आजवर तोंड उघडलं नव्हतं.

"घर एकदम शांत आहे," तो म्हणाला.

"वा. मग नाजूकच घे. आता प्रीअँप. माईक ऐकतो खरा, पण सांगतो फार बारीक आवाजात. ते बारीक सांगणं मोठं करून यंत्राच्या कानावर घालतो, तो प्रीअँप. तो कसा निवडायचा? एकच खूण लक्षात ठेव. ज्याला स्वतःचा आवाज नाही, तो उत्तम."

"आत्या पण हेच म्हणते," हसुराम म्हणाला.

"आत्याला प्रीअँपमधलं कळतं?"

"नवऱ्यामधलं."

मास्तरांनी मागे वळून बघितलं. त्यांची बायको आतल्या खोलीत होती.

हसुराम पुन्हा दुकानात गेला. नाजूक माईक घेतला. मग प्रीअँपच्या कपाटाशी उभा राहिला आणि चालू करून ठेवलेल्या एकेका डब्याला कान लावत सुटला. हा बारीक सूं करत होता. तो सूं-सूं करत होता. भारीतला डबा फारच हळू सूं करत होता, पण करत होता. शेवटी कोपऱ्यातल्या फळीवर, धुळीत, एक डबा सापडला. दुरुस्तीला आलेला, आतून जळालेला. हसुरामने कान लावला. स्मशानशांतता.

"याला स्वतःचा आवाज अजिबात नाही," तो म्हणाला.

दुकानदाराने डावीकडे पाहिलं, उजवीकडे पाहिलं. "पारखी नजर आहे तुमची," तो म्हणाला आणि धूळ झटकून डबा बांधून दिला.

घरी आत्याने पुन्हा पाट मांडला, पुन्हा समई लावली. सगळा धवला पहिल्यापासून शेवटपर्यंत गायली. तिच्या गळ्याला आता कळ लागायला लागली होती. मग यंत्र, म्हणजे हर्षालीने पाठवलेला जुना लॅपटॉप, लावून ऐकलं. यंत्रातून काहीच आलं नाही.

"गाणं कुठं गेलं?" आत्याने विचारलं.

"आत आहे. पण प्रीअँपला स्वतःचा आवाज नाही ना आत्या. फार उत्तम आहे."

आत्याने डोळे मिटले. गाठ दुखत होती, नाहीतर त्या दिवशी हसुरामची गोष्ट तिथेच संपली असती.

पुढच्या खेपेला घरत मास्तर स्वतः दुकानात गेले. दुकानदाराला त्यांनी काय म्हटलं ते लिहिण्यासारखं नाही, पण जिवंत प्रीअँप मिळाला. मास्तरांनी घरी येऊन तारा जोडल्या. लॅपटॉप मांडला. "हसुराम, ही कळ दाबली की रेकॉर्डिंग सुरू, परत दाबली की बंद. हे गोल बटण फिरवलं की आवाज वाढतो. मी आता भजनाला चाललो. आणि हा माईक फार नाजूक आहे हो. तान्ह्या पोरासारखा जप."

"बरं मास्तर," हसुराम म्हणाला.

दुपारी आत्या अंगणातून आत आली तर घरभर धूर. हसुरामने माईकला जुन्या लुगड्याच्या मऊ तुकड्यात गुंडाळून पाळण्यात घातलं होतं. जाळीला काजळाची तीट लावली होती. पाळण्याखाली निखाऱ्यांवर ओवा टाकून धुरी चालली होती, आणि तो वाटीत खोबरेल तेल कोमट करत होता.

"तेल कुणाला?"

"टाळू भरायला."

आत्याने वाटी हिसकावून घेतली. माईक वाचला. मात्र पुढे कायम त्याला ओव्याचा वास येत राहिला. आत्या म्हणाली, एवढं एक चांगलं झालं, समोर बसलं की गळा मोकळा होतो.

मग तिसऱ्यांदा पाट, तिसऱ्यांदा समई. आत्याने सूर लावला. हसुराम गोल बटणाशी बसला. हिरवा दिवा लुकलुकत होता. त्याने बटण वाढवलं. पिवळा लागला. आणखी वाढवलं. लाल लागला. हसुराम सुखावला. लाल म्हणजे ताजं, हे त्याला कुणी नव्याने शिकवायला नको होतं. धवला संपेपर्यंत त्याने दिवा लालच ठेवला.

ऐकायला लावलं तर आत्याचा आवाज पत्र्यावर दगड ओढल्यासारखा. फाटून चिंध्या झालेल्या. आणि या चिंध्यांमधून पंखा, कोंबडी, होडी, झाडून सगळं गाव ऐकू येत होतं. नाजूक कान तो, त्याने काही सोडलं नव्हतं. आणि मध्येच भिंतीपलीकडून येसूबायचा आवाज, "नागूचा गळा म्हणजे आता चिरलेलं मडकं. यंत्र आणून का मडकं सांधतं?" आणि त्यामागून त्याच येसूबायचं गुणगुणणं. तोच धवला. एक शब्द इकडचा तिकडे नाही.

आत्याने ते गुणगुणणं दोनदा ऐकलं. मग सगळा राग, जिथे काढायची सवय होती, तिथे काढला.

"मुडद्या, लाल लागला की बटण खाली आणायचं असतं. आणि रेकॉर्डिंग चालू असताना खोलीत जो कुणी आवाज करील, त्याला आधी गप्प करायचं."

"बरं आत्या," हसुराम म्हणाला.

दुसऱ्या दिवशी त्याने पंखा बंद केला. कोंबड्या टोपलीखाली झाकल्या. भिंतींवर, दारावर, खिडकीवर गोधड्या टांगल्या. होडीवाल्यांना खाडीवर जाऊन सांगून आला, जेवण होईस्तोवर इंजिन लावू नका. नागूबायचं काम आहे म्हटल्यावर त्यांनी ऐकलं. घर खरोखर शांत झालं. मास्तरांनी बघितलं असतं तर डोळे भरून आले असते. हसुरामने कळ दाबली. आत्याने पदर सावरला, डोळे मिटले आणि गायला तोंड उघडलं.

खोलीत कुणीतरी आवाज केला.

हसुराम झेपावला आणि त्याने आत्याच्या तोंडावर हात दाबला.

पुढचा बराच वेळ शांततेत गेला नाही. गोधड्या होत्या म्हणून गावाला कमी ऐकू आलं.

आता मात्र दिवस संपत आले. गळ्याला कळ वाढत होती. आणखी एकदा गायला जमेल, त्यानंतर नाही, हे आत्याला कळून चुकलं होतं. ती पाटावर बसली आणि आयुष्यात पहिल्यांदा हसुरामशी हळू आवाजात बोलली.

"हे बघ पोरा. हर्षालीला आई नाही. तिच्या लग्नात माझा आवाज नसला तर ती पाटावर परक्यासारखी बसेल. म्हणून आता एकच सांगते, ते ऐक. मी गात असताना त्या यंत्राला हात लावायचा नाही. बोट लावायचं नाही. गाणं थांबलं, की मग काय कळा दाबायच्या त्या दाब. कळलं?"

"बरं आत्या," हसुराम म्हणाला, आणि या वेळी त्याच्याही डोळ्यांत पाणी आलं. इतकं सोपं त्याला कधी कुणी सांगितलं नव्हतं.

आत्या गायली. सगळे धवले गायली. मध्ये थांबायची, पाणी प्यायची, हसुरामला दोन शब्द सुनावायची, पुन्हा गायची. ती गात असताना हसुराम मांडीखाली हात दाबून दगडासारखा बसून राहिला. गाणं थांबलं की हात काढायचा, कळ दाबायचा. पुन्हा गाणं सुरू व्हायची चिन्हं दिसली की कळ दाबून हात मांडीखाली. एकदाही चुकला नाही. बटण हिरव्यावर होतं. माईक एका वितीवर होता. कोंबड्या टोपलीखाली होत्या.

"झालं ना नीट?" शेवटी आत्याने विचारलं.

"तू सांगितलंस तस्संच झालं," हसुराम म्हणाला. खोटं तो कधी बोलत नसे.

आत्याने ऐकून बघायला नको होतं का? बघायला हवं होतं. पण आयुष्यातलं शेवटचं ठरेल या भीतीने गायलेलं गाणं लगेच ऐकायची हिंमत शहाण्यालाही होत नाही. ती दवाखान्यात गेली, गाठ काढून आली आणि मुकी झाली.

लग्नाचा दिवस आला. मांडव भरला. खाडीपलीकडून वऱ्हाड आलं. विहीणबाई पहिल्या रांगेत, हाताची घडी घालून. येसूबाय शेवटच्या रांगेत, कारण आवतण मागची रांग बघूनच दिलं होतं. नवरा-नवरी पाटावर बसले. आत्या हर्षालीच्या मागे उभी राहिली, ओठ घट्ट मिटून. घरत मास्तरांनी मोठे स्पीकर आणले होते, आणि सगळ्यांना दिसावा म्हणून तो नाजूक माईकही जोडून पाटासमोर मांडला होता. ते सगळ्यांना सांगत होते, "माईक मी निवडला. प्रीअँपही मीच. आता ऐका, श्वास न श्वास ऐकू येईल."

आत्याने मान हलवली. हसुरामने यंत्र लावलं.

स्पीकर खाकरला. मग नागू आत्याचा आवाज मांडवात घुमला. काय आवाज. नितळ, भरदार, जशी काही ती कानाशी उभी राहून बोलते आहे.

"तोंड उघडं टाकून काय बसलास? पाणी दे. कोमट."

मांडवात पाच बाया उठल्या आणि पाणी आणायला धावल्या.

"आणि त्या पंख्याची तार काढली का? मेला घरघरेल मध्येच."

मांडववाल्याने घाईघाईने सगळे पंखे बंद केले. चाळीस वर्षं नागूबाय लग्नात काय सांगेल ते करायची गावाला सवय. लोक घामाघूम होऊन बसले.

"अजून नीट झाकली नाहीस ती कोंबडी. ती बघ, लाल डोक्याची, कशी बघते आहे टवकारून."

विहीणबाईंच्या डोक्यावर लाल फेटा होता. वरमाय म्हणून हौसेने बांधलेला. त्यांनी हाताची घडी सोडली.

घरत मास्तर खुर्चीतून हळूच उठले आणि माईक आपण निवडला हे सांगायचं थांबले. हसुराम मात्र अभिमानाने उभा होता. श्वास न श्वास ऐकू येत होता. आत्या हातवारे करत त्याच्याकडे धावली, पण तेवढ्यात यंत्र पुढे बोललं.

"बाहेर कोण गुणगुणतंय? येसू असेल. सांग तिला, तोंडाला झाकण लाव म्हणावं."

आत्याने तार उपटली. सगळ्यांनी मागे वळून येसूबायकडे बघितलं.

"धवला कुठाय?" विहीणबाई म्हणाल्या. "की आमच्याकडे वरमायला कोंबडी म्हणणं, यालाच तुमच्याकडे धवला म्हणतात?" त्यांनी मुलाच्या दंडाला धरलं. "ऊठ."

नितेश अर्धा उठला. मग हर्षालीकडे बघून अर्धा बसला. तसाच राहिला.

आत्याने गळ्यावर हात ठेवला. तोंड उघडलं. गायली असती ती. कायमचा आवाज गेला असता तरी गायली असती, बाई तशीच होती. हर्षालीने मागे हात करून तिचा पदर घट्ट धरला आणि नुसती मान हलवली, नको म्हणून.

मग आत्याने तबकातला विडा उचलला. धवलारणीला बोलावताना हातात द्यायचा तो विडा. आजवर तिने तो घेतला होता, कुणाला दिला नव्हता. सगळा मांडव ओलांडून ती शेवटच्या रांगेपर्यंत चालत गेली आणि येसूबायच्या पुढ्यात उभी राहिली. विडा पुढे केला.

येसूबायने विड्याकडे बघितलं नाही. मांडवाच्या छताकडे बघितलं. "मी कशी गाऊ गो? माझ्या तोंडाला झाकण आहे. आत्ताच सगळ्यांनी ऐकलं. स्पीकरवर."

कुणी हसलं नाही. आत्याचा चेहरा लाल झाला. मग तिने हात वर केला, दोन बोटांनी येसूबायच्या तोंडासमोरून, भांड्यावरची झाकणी उचलावी तशी हळूच काहीतरी उचललं आणि बाजूला जमिनीवर ठेवून दिलं.

मांडव खदखदून हसला. येसूबायलाही हसू आवरेना. "भिंत मध्ये होती म्हणून बरं," ती विडा घेत म्हणाली, "नाहीतर मी शिकले असते कुठून?"

आणि येसूबाय गायली.

"हलद कुटा गो बायांनो, उखल पुजा आधी,
लेक आमची लाडाची, बसली मांडवामधी..."

गळा नागूचा नव्हता. पण शब्द न् शब्द नागूचा होता, थांबायची जागासुद्धा नागूचीच. हर्षाली ऐकत होती, मागे न बघता आत्याचा पदर धरून. विहीणबाईंनी पुन्हा हाताची घडी घातली, पण सैल. नितेश पूर्ण बसला.

आणि हसुराम? माईक समोर होता. यंत्राची तार घरत मास्तरांनी पुन्हा जोडली होती आणि ते दातओठ खात त्याला खुणावत होते, आता तरी कळ दाब, हे तरी रेकॉर्ड कर. हसुराम मांडीखाली हात दाबून बसला होता. गाणं चालू असताना यंत्राला बोट लावायचं नाही. त्याला काय समजत नव्हतं?

धवला संपला. अक्षता पडल्या. लग्न लागलं.

आत्या वळली आणि हसुरामसमोर येऊन उभी राहिली. ओठ मिटलेले, डोळ्यांतून निखारे. तिला काय काय म्हणायचं होतं ते सगळ्या मांडवाला दिसत होतं. आणि एक शब्द म्हणता येत नव्हता. हसुरामला तिची फार कीव आली. गाणं झाल्यावर बोलणी बसायची नाहीत, असं आजवर घडलं नव्हतं. त्याला चुकल्या-चुकल्यासारखं वाटायला लागलं. आणि जन्मात पहिल्यांदा, कुणी न सांगता, त्याने स्वतःच्या डोक्याने एक काम केलं.

गाणं थांबलं होतं. त्याने यंत्र वाजवायची कळ दाबली.

"कान उघडून ऐक," नागू आत्याचा आवाज मांडवभर कडाडला. "इथून पुढं स्वतःचं डोकं चालवायचं नाही. मी सांगेन तसंच वागायचं. उलटून एक अक्षर बोलायचं नाही. कळलं का रे गाढवा?"

"बरं आत्या," हसुराम म्हणाला.

आणि पाटावरून, मुंडावळ्यांच्या आडून, आणखी एक आवाज आला. आजवर कुणी न ऐकलेला. स्वच्छ होता, फाटत नव्हता, आणि समोरच्या माईकने तो इतका चांगला उचलला की खाडीवरच्या होडीवाल्यांनाही ऐकू गेला. नितेशने उभं राहून स्पीकरला हात जोडले होते.

"बरं आत्या," तो म्हणाला.

हर्षालीने कपाळावर हात मारला. एका गावात एक भोळा होता, अशी गोष्ट सुरू झाली होती. आता खाडीच्या अलीकडे एक आहे आणि पलीकडे एक.